त्यांचं मंडल

ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या इमारतीचे वॉचमन काठमांडूचे, नेवार समाजातले आहेत. रोज हसून माझ्यासाठी लिफ्टचं दार धरतात. दिवाळीच्या पाडव्याला मात्र मोबाइलकडे बघत नखं कुरतडत होते. न राहवून मी विचारलं.

"दीदी, आज आमची म्हपूजा, स्वतःच्या देहाची पूजा. आई घरातल्या प्रत्येकाच्या नावानं जमिनीवर मंडल काढते. परदेशी असलेल्याचंही काढते, मेलेल्याचं नाही. पण तिला हल्ली माणसं आठवत नाहीत."

तेवढ्यात फोटो आला. घरी माणसं चार, आणि मंडलंही चारच.

"माझं फोटोत मावलं नसेल," ते म्हणाले.

"नसेलच मावलं," मी घाईनं म्हटलं.

वर येऊन दारात रांगोळीचं एक मंडल काढलं. त्यांचं नाव घ्यायला गेले, तर ते मी कधी विचारलंच नव्हतं.