करंगळीची कड

वसईजवळच्या जूचंद्रमध्ये रांगोळी काढणाऱ्यांचे हात बधिर होतात आणि त्याची दखल कोणी घेत नाही. माणसाचा चेहरा काढायचा तर रांगोळीवर आडव्या टाकलेल्या फळीवर उजवं कोपर टेकवून तासन्‌तास बसावं लागतं. मग करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट झोपतं. हात झटकायचा, मूठ उघडमीट करायची आणि पुन्हा चिमटीत रंग घ्यायचा. माझं माहेर आणि सासर दोन्ही याच गावात. हात निजणं मला लहानपणापासून माहीत होतं.

होळीच्या आधी लोणच्याची काचेची बरणी ओट्यावरून निसटली. ती धरायला गेले आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, काच शिरली. जखम लहान होती. जवळच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "बोटांना बधिरपणा वाटतोय का?"

मी म्हणाले, "तो नेहमीचाच आहे. रांगोळीचा."

त्यांनी पट्टी बांधली. टाके निघाले, जखम भरली, बधिरपणा राहिला. मी हात झटकत राहिले. एका सकाळी चहाचा कप माझ्या हातात देताना धाकटी जाऊ थांबली.

"ताई, तुमची ही दोन बोटं वाकडी का दिसतायत?"

करंगळी आणि अनामिका तळव्याकडे वळली होती. सरळ करायला गेले तर होत नव्हती. माझ्या हातातली गोष्ट माझ्याआधी तिला दिसली, हे मला तेव्हाच खटकलं.

मुंबईच्या इस्पितळातल्या सर्जननी तळहात उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खपाटीला गेला होता. काचेने मनगटाजवळची मुख्य नस तोडली होती. ही नस करंगळीला स्पर्श देते आणि पंजातल्या बहुतेक बारीक स्नायूंना हुकूम देते. चिमटीचा जोर त्याच स्नायूंत असतो. लगेच आले असते तर दोन टोकं एकमेकांना शिवता आली असती. आता ती मागे सरकली होती. मधलं अंतर भरायला पोटरीतून एक नस काढावी लागणार होती. ती फक्त पावलाच्या बाहेरच्या कडेला स्पर्श देते, आणि तेवढा स्पर्श माणसाला सोडता येतो.

"जोडल्यावर हात लगेच चालेल?" मी विचारलं.

"वायर जोडली की दिवा लागतो. नस तशी नाही," ते म्हणाले. "तुटल्या जागेपासून पुढचा भाग मरतो, राहते ती पोकळ नळी. तिच्यातून नवे धागे वाढत जातात. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. ते पोचेपर्यंत स्नायू टिकायला हवेत. टिकले तर चिमटी येईल. नाही टिकले तर पुढे दुसऱ्या स्नायूचा दोर वळवून तिथे बांधता येतो. पण पहिल्यासारखी येईल असं मी म्हणणार नाही."

मी दिवाळीचा हिशेब करत होते. गावच्या शाळेच्या हॉलमध्ये दिवाळीत रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं. हॉलच्या मधोमधची जागा व्यक्तिचित्राची. गेली अनेक वर्षं ती माझी होती. माझ्यानंतर ते काम येणारी घरात एकच होती, धाकटी जाऊ. ती नालासोपाऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला ठिपके सरळ घालता येत नव्हते. रंग चिमटीतून कसा सोडायचा, गालाची सावली कुठे थांबवायची, हे तिला मी शिकवलं.

शस्त्रक्रिया झाली. हात पट्ट्यात गेला. त्या काळात जावेने माझे केस विंचरले, माझ्या वाटणीचे बोंबील साफ केले, ताटात भाकरी मोडून दिली. तक्रारीला तिने जागा ठेवली नाही. मी तिच्या हाताकडे पाहत बसे. बोंबील धरताना तिची करंगळी सहज बाजूला होई, पाण्याचा थेंब झटके, पुन्हा जागेवर येई. तिला त्याचा पत्ताही नसे. माणसं दुसऱ्याच्या सोन्याचा, घराचा हेवा करतात हे माहीत होतं. मी एका करंगळीचा करत होते.

मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक. बातम्यांच्या टेबलावरचं ते काम मी घरून डाव्या हाताने करत होते. दुसऱ्यांच्या मजकुरातली विशेषणं कापणं डाव्या हातालाही जमत होतं.

पट्टा निघाल्यावर वसईत फिजिओथेरपी सुरू झाली. तिथे जवळच्या पापडी गावचे एक केळीवाले शेतकरी येत. लग्नाच्या जेवणानंतर खुर्चीच्या पाठीवर हात टाकून ते झोपले आणि उठले तेव्हा मनगट लुळं पडलं होतं.

"बाय, काय सांगू," ते मला म्हणाले, "लोकांना पिऊन पाय धरत नाहीत, माझा हात धरेना. बायको म्हणते, देवाने बरोबर ग्लासाचाच हात पकडला."

त्यांची नस दाबली गेली होती, तुटली नव्हती. दाबलेली नस बहुधा आपली आपण जागी होते. तोवर मनगटाला आधार द्यायचा आणि सांधे आखडू द्यायचे नाहीत, एवढंच. काही आठवड्यांत त्यांचं मनगट उठलं. शेवटच्या दिवशी त्यांनी फिजिओथेरपिस्ट मुलीला सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणली, एक पुडी मलाही दिली. "बाय, तुमचा पण येईल बघा. माझा आला ना?" सुकेळी उत्तम होती. मी ती सगळी खाल्ली आणि त्या माणसाचं भलं चिंतलं नाही.

उपचार कंटाळवाणे असतात, हे कुणी आधी सांगत नाही. रोज गरम पाण्यात हात, पण पाण्याचा ताव आधी डाव्या हाताने पाहायचा, कारण बधिर बोट भाजलं तरी कळत नाही. वाकलेली बोटं दुसऱ्या हाताने सरळ करायची. तांदळाच्या डब्यात हात घालून कापूस, खडा, किल्ली शोधायची, आधी पाहून, मग डोळे मिटून. नजर फसवते, असं ती मुलगी म्हणे. बोटाला काय कळतं ते डोळे मिटल्यावरच कळतं. दर भेटीला ती माझ्या मनगटापासून तळव्याकडे टिचक्या मारत जाई. जिथे टिचकीसरशी करंगळीत वीज चमके, तिथवर धागे पोचले. ती जागा पुढे सरकत होती. फार हळू.

गणपतीनंतर मला चिमटी आल्यासारखी वाटली. घरात दार लावून फरशीवर पांढरी रेघ ओढून पाहिली. रेघ सरळ आली. दुसऱ्या दिवशी वसईत मी ते सांगितलं. मुलीने अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक कागद दिला.

"घट्ट धरा मॅडम, मी ओढते."

मी धरला. कागद निसटला नाही.

"आता अंगठ्याकडे बघा."

अंगठ्याचं वरचं पेर काटकोनात वाकलं होतं. पंजातला स्नायू उठला नव्हता. वरून, कोपराखालच्या हातातून येणारा दुसराच स्नायू अंगठा वाकवून त्याचं काम करत होता.

"अंगठा चोरी करतोय," ती म्हणाली. "वाईट नाही ते. पण याला बरं होणं म्हणत नाहीत."

घरी आले तेव्हा अंगणात जाऊ सराव करत होती. तिचा अंगठा सरळ होता. रंगाची धार तुटत नव्हती. मला पाहून ती उठली, पायाने रेघ पुसली आणि म्हणाली, "सहजच काढत होते, ताई." तिने पुसली नसती तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा एक जण विचारायला आला. सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काकी, मधल्या जागेवर औंदा कोन? धाकटी ना?"

"मोठी हाय ना अजून," सासूबाई म्हणाल्या. "इचारतोस कशाला?"

"तसं नाय, हाताचं झालं ना तेंचं..."

जाऊ आत कपड्यांच्या घड्या करत होती. तिने वर पाहिलं नाही. ती एक शब्द बोलली असती तर मी कदाचित सोडून दिलं असतं. तिने पुढची घडी घातली. मी म्हणाले, "मीच काढणार."

त्या वर्षी चेहरा होता मिठागरावर आयुष्य काढलेल्या गावातल्या एका म्हातारीचा. सुरकुत्याच सुरकुत्या. जाऊ कडेची नक्षी काढायला बसली. मी डोळ्यांपासून सुरुवात केली. अंगठा वाकवून, चोरीच्या चिमटीने का होईना, डोळे उतरले. चांगले उतरले. मग गाल भरला. मग नाकाची सावली घ्यायला हात पुढे नेला.

"ताई," पलीकडून जाऊ हळूच म्हणाली, "करंगळी."

मी पाहिलं. करंगळीची कड गालावर टेकली होती आणि भरलेल्या रंगातून आरपार एक पट्टा ओढत गेली होती. मला काहीही जाणवलं नव्हतं. रांगोळी काढणाऱ्याची करंगळी त्याला जमिनीपासूनची उंची सांगत असते. ती टेकण्याआधीच हात उचलला जातो. हे मी जावेला कधी शिकवलं नव्हतं, कारण करंगळी असं काही करते हे मलाच ठाऊक नव्हतं.

मी पट्टा बुजवला. पुन्हा हात नेला. पुन्हा, "ताई, करंगळी." आता ती नक्षी सोडून माझ्या हाताकडेच पाहत होती. माझ्या बोटाला जे कळायला हवं होतं ते तिच्या डोळ्यांना कळत होतं, आणि तिचं सांगणं मला उशिरा पोचत होतं. तिसऱ्यांदा गाल मोडला तेव्हा खालची फरशी दिसली.

हॉलमध्ये इतरही होते. सगळे आपापल्या रांगोळीवर जरा जास्तच वाकले.

"एवढा गाल तू घे," मी म्हणाले.

"तुम्ही सांगा, मी तसं भरते."

"सांगायचं काय त्यात? भर."

मी फळीवरून उठले. ती बसली. तिने गाल काढला, मग नाक, मग हनुवटीखालची सावली. रंग तिच्या चिमटीतून असा उतरत होता की सुरकुत्यांच्या मध्ये मऊ कातडी दिसायला लागली. मी इतकी वर्षं गाल काढले. असा मला एकदाही आला नव्हता. तिची करंगळी रंगाच्या जरा वर, हवेत थांबलेली होती.

प्रदर्शनात लोक मध्ये थांबत. त्या म्हातारीलाही तिच्या नातीने आणलं होतं. ती वाकून पाहत म्हणाली, "डोलं माजं हायत. पन गाल बग, हात लावासा वाटतो." नात जावेकडे पाहून हसली. जाऊ म्हणाली, "डोळे ताईंनी काढलेत हं." हे तिने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. न सांगता राहिली असती तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

आमच्या घरात रीत आहे: ज्याची रांगोळी त्याने पुसायची, आणि सुरुवात हाताने करायची, केरसुणी नंतर. प्रदर्शन संपल्यावर हॉल रिकामा झाला. जाऊ केरसुणी घेऊन बाजूला उभी राहिली. "तुम्ही करा, ताई. तुमचीच आहे."

मी खाली बसले. आधी गाल पुसला. उजव्या पंजाची कड टेकवली आणि एका ओढीत नाकापासून कानापर्यंत नेली.

करंगळीच्या मुळाशी, पंजाच्या कडेला, काहीतरी चावलं.

स्पर्श म्हणावा असं ते नव्हतं. वाळूवरून मुंग्या धावाव्यात तसं, त्यात एक बारीक झटका. मी थांबले. फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं तसे डोळे मिटले. हात उचलला; काही नाही. हात टेकवला, पुन्हा आलं. खरखरीत दाणे, म्हातारीच्या गालाचे. बोटाच्या टोकाला अजून काही कळत नव्हतं, अंगठा तसाच वाकडा होता. पण कडेपर्यंत धागे पोचले होते.

"ताई? दुखतंय का?" जाऊ पुढे आली.

"नाही."

"मग काय झालं?"

"काही नाही. केरसुणी दे."

तिने दिली. घरी सासूबाईंना मी सांगितलं, नंतर वसईच्या त्या मुलीला, तिने टिचक्या मारून खात्री केली. जावेला मी ते अजून सांगितलेलं नाही. पुढच्या दिवाळीची जागा अजून ठरायची आहे.