मंतर पुरा होईपर्यंत

त्या दुपारी शहाद्याकडच्या साखर कारखान्यासमोर ऊस खाली करायच्या रांगेत आम्ही तिघंच होतो: मी, माझी जाऊ सुमन आणि उसाचा एक ट्रॅक्टरवाला. त्याचं नाव मी विचारलं नाही. मोबाइलला हात लावायच्या आधी तो दर वेळी बोट पॅन्टला पुसायचा.

मोबाइलवरच्या खेळात त्यानं एक बाई घडवली होती. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात जादू. राक्षस आला की ती मंतर म्हणायला लागायची आणि अर्ध्यातच मरायची.

सुमन हसली. "भाऊ, ती मरीच ऱ्हायनी. तू जेवी ले."

"आते मरनार नही," तो म्हणाला. मिळालेले सगळे पॉइंट त्यानं ना तलवारीला दिले, ना जादूला. बाईच्या जिवाला दिले. "माय, मंतर पुरा व्हस तवलोंग ती जित्ती ऱ्हावाले पाहिजे."

या वेळी मंतर पुरा झाला आणि राक्षस पडला. त्यानं नुसतं बोट पुसलं.

उसाच्या फडात आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साप चावला, तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी मंतर म्हणत बसले होते. आईनं दिलेला मंतर, एक अक्षर चुकलं नाही. तो पुरा व्हायच्या आधी मालक गेले.

मंतर सोडा असं मी म्हणत नाही. पण साप चावला तर आधी माणसाला गाडीत घाला, आणि मंतर दवाखान्याच्या वाटेवर म्हणा.