पाठीमागून येणाऱ्या बाई

शाळा सुरू होण्याआधीचा रविवार. स्थळ: निवासी क्रीडा शाळेचं मुलींचं वसतिगृह. हजर: मी, माझे यजमान, आमची श्रावणी आणि तिच्या खो-खोच्या बाई. बाईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. याद्या करणं हा माझा जुना स्वभाव आहे आणि जो आलेला नाही त्याला मी हजर लिहीत नाही. तरी हे नाव मीच लिहिलं आहे आणि ते खोडणार नाही.

बाई कधी समोरून आल्याच नाहीत. मंठ्याच्या बाजारात मी वांगी निवडत असले की आधी पाठीला हात लागायचा, मग आवाज यायचा, "काय करून राह्यल्या ताई?" पावलं वाजायची नाहीत. मधलं बोट खेळताना मोडून वाकडं बसलं होतं, त्याचं पेर पाठीत रुतायचं. हात भर उन्हाळ्यातही गार. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या रोज सकाळी मैदानावर मुलींना खो-खो शिकवायच्या. मुली म्हणायच्या, बाईंची सावलीसुद्धा पुढे पडत नाही.

त्या माणसं पाठीवरून ओळखत. "तोंड खोटं बोलतं, पाठ न्हाई," असं त्यांचं म्हणणं. कोण उपाशी आलंय, कोण घरून मार खाऊन आलंय, सगळं त्या मागे उभ्या राहून सांगत. मैदानाबाहेरच्या चहावाल्या अण्णांना एकदा म्हणाल्या, "अण्णा, तुमची पाठ निघून गेलीय. दवाखान्यात जा, जल्दी." अण्णा हसले. "बाई, पाठ गेली तर शर्ट कशावर घालू?" महिन्याभरात टपरीला कुलूप लागलं. तेव्हापासून बाई मागे आल्या की मोठी माणसंही नकळत वळून उभी राहत.

मुलींना मात्र वळायची परवानगी नव्हती. खो-खोत बसलेल्या खेळाडूला मागून पाठीवर हात लागतो, 'खो' ऐकू येतो, मगच उठायचं. खो देणारी तिथेच, उठलेलीच्या जागी बसते. "मागं कोण हाय ते बघायचं न्हाई. खो मिळाला की उठायचं, न्हाई मिळाला तर बिलकुल हलायचं न्हाई. आन् देणारीनं जागा रिकामी सोडायची न्हाई," हे त्या रोज सांगत.

श्रावणीचा निवासी शाळेचा अर्ज भरायचं ठरलं तेव्हा मी कामाला लागले. जन्मदाखला, बोनाफाईड, रहिवासी दाखला, जिल्हा पातळीची प्रमाणपत्रं, वैद्यकीय तपासणी. प्रत्येकाच्या तीन प्रती, वेगळ्या रंगाच्या फाइली. बाईंनी फाइली हातात तोलून पाहिल्या. "ताई, चाचणी फाइलीची हाय का पोरीची?"

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पोरगी निवडून येईल. पण तिथं ऱ्हाईल का?"

खरा प्रश्न तोच होता. आदल्या वर्षी श्रावणी जालन्याच्या चार दिवसांच्या शिबिरातून दुसऱ्याच दिवशी रडत परत आली होती. एमआयडीसीतल्या कामावरून सुटून हेच तिला मोटारसायकलवर घेऊन आले. माझ्या कुशीशिवाय तिला झोप येत नव्हती. निवासी शाळेतून अशी परत आली तर जागा दुसरीला जाणार आणि पुन्हा अर्ज घेणार नाहीत, हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं.

"उठवावं लागंल तिला," बाई म्हणाल्या. "मला कुणी उठवलंच न्हाई. श्रावणीएवढी होते, असल्याच शाळेत नाव लागलं होतं. पेटी भरून उंबऱ्यात बसले, दाराकडं पाठ करून. आई मागं येऊन उभी ऱ्हायली आन् तशीच आत गेली. मंग बसूनच ऱ्हायले." त्या हसल्या. "तवापासून मीच सगळ्यांच्या मागं जाती."

"चाचणीला मी येणार," असं बाईंनी श्रावणीला सांगितलं होतं. चाचणीच्या पंधरा दिवस आधी त्या झोपेतच वारल्या. मैदानातल्या सगळ्या मुली मातीला आल्या होत्या.

चाचणीच्या दिवशी श्रावणी चौकोनात बसली होती. मी कुंपणाबाहेर, तिच्या पाठीकडे बघत. ती अचानक उठली आणि पुढच्या मुलीला बाद करून थांबली. परीक्षकांनी शिट्टी मारली. खो देणाऱ्या मुलीला म्हणाले, "अगं, खो मोठ्यानं म्हणायचा. ऐकू आला नाही."

ती मुलगी म्हणाली, "सर, मी अजून दिलाच नव्हता. मी लांब होते."

फाउल धरला गेला. पुढचे सगळे डाव ती नीट खेळली आणि निवडही झाली. परतीच्या एसटीत मी विचारलं, "कशी काय उठलीस गं?"

"खो मिळाला ना."

"कुणाचा?"

"मम्मी, बोट रुतल्यावर कळत न्हाई का?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. घाबरलेली नव्हती.

आणि मग तो रविवार. गादी घातली, पेटीला कुलूप लावलं, बादलीवर नाव लिहिलं. पालकांनी निघावं, अशी घंटा झाली. हे पेटीची किल्ली हातात घेऊन दारात उभे राहिले. श्रावणी पलंगाच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून, पाय दुमडून चौकोनात बसल्यासारखी बसली. खांदे हलत होते.

"मम्मी, तू खो दे. मंग मी उठते. न्हाई दिला तर मला घरी ने."

मी तिच्या मागे गेले. हात उचलला. पाठीपासून वीतभर अंतरावर हात थांबला, पुढे जाईना. तेवढ्यात खांदे हलायचे थांबले आणि पाठ ताठ झाली. श्रावणी उठली, डोळे पुसले आणि मागे न बघता खोलीबाहेर, मैदानाकडे पळत गेली.

ह्यांनी विचारलं, "दिलास का खो?"

माझा हात अजून हवेतच होता. गादी नवी होती, घट्ट कापसाची. श्रावणी उठली तशी ती फुगून वर आली आणि माझ्या डोळ्यांसमोर, त्याच जागी, हळूच पुन्हा खाली दबली. दबलेलीच राहिली. मी चादर सारखी केली नाही.

श्रावणी तिथे रमली आहे. फोनवर सांगते, झोप येते, पाठ गार लागते एवढंच. माझ्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. खो तेवढा माझ्याकडून द्यायचा राहिला आहे.