सगळ्यांना एकच वचन

चर्चच्या सेक्रेटरीला मिनिट बुक लिहावं लागतं. बडनेऱ्यातल्या आमच्या मंडळीचं ते मी अकरा वर्षं लिहितोय, आणि अनुभवानं सांगतो, त्यात लिहिलेलं कोणी वाचत नाही. जे लिहिता येत नाही तेच सगळे वर्षभर एकमेकांना सांगत बसतात! सभा संपते, चहा येतो, कोणीतरी म्हणतं, "बाबू, ते आठवते काय?" आणि मग तासभर कोणी उठत नाही. मला बाबू म्हणतात कारण मी रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. नोकरी संपली, बाबू राहिला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेत पितळेची परात फिरते. तिच्यात कागदाच्या बारीक बारीक गुंडाळ्या असतात, प्रत्येकीत बायबलमधलं एक वचन. डोळे मिटून एक उचलायची. ते तुमचं त्या वर्षाचं वचन. कोणी ते पाकिटात ठेवतं, कोणी फ्रिजवर चिकटवतं. वचनं निवडून छापून आणायचं काम माझ्याकडे, त्यामुळे तक्रारीही माझ्याकडेच.

*

पहिली तक्रार सुशीलाबाईंची. या अमरावतीच्या एका दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होत्या. इंजेक्शन देताना पेशंटला रडायचीसुद्धा परवानगी नसे, असं लोक सांगतात. त्यांना लागोपाठ तीन वर्षं धीर धरायला सांगणारंच वचन आलं. चौथ्या वर्षी पुन्हा तेच. उपासना संपल्यावर त्या गुंडाळी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाबू, हे वापस घ्या. धीर धरू धरू मी थकलो आता. दुसरं द्या."

नियमात बसत नव्हतं, पण सुशीलाबाईंसमोर नियम सांगणार कोण? मी परात पुढे केली. त्यांनी चांगली ढवळून, अगदी तळातली गुंडाळी काढली. उघडली. धीर!

त्यांनी कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजे मी अजून पास नाई झालो."

*

दुसरा किस्सा विल्सनभाऊंचा. विल्सनभाऊ रेल्वेत टीसी. बायबल त्यांना इतकं पाठ की अध्याय सांगा, ते ओवी सांगतील. प्रश्नमंजूषा झाली की पहिलं बक्षीस त्यांचं ठरलेलंच, त्यांच्या घरात स्टीलचे डबे सगळे बक्षिसाचे आहेत. स्कूटरच्या मागे त्यांनी मोठ्या लाल अक्षरांत शेजाऱ्यावर प्रीती करायचं वचन रंगवून घेतलंय.

एकदा स्टेशनच्या चौकात एक ऑटो त्यांना जरासा घासून गेला. विल्सनभाऊंनी ऑटोवाल्याला अडवलं आणि त्याच्या खानदानाचा उद्धार सुरू केला. सगळा चौक थांबला. ऑटोवाला बिचारा शांतपणे ऐकत होता. भाऊंचा दम संपल्यावर तो स्कूटरच्या मागे गेला, लाल अक्षरं सावकाश वाचली आणि परत आला.

"काका, मांगं लय चांगलं लिवलं हाय तुमी. पन धडक त समोरून होते ना? समोरबी लिवून घ्या."

विल्सनभाऊंनी हा किस्सा स्वतः चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष म्हणून सांगितला. आणि दुसऱ्या दिवशी खरंच स्कूटरच्या हँडलवर, स्वतःला दिसेल असं, तेच वचन लिहून घेतलं. त्या माणसाचं मला हेच आवडतं.

*

एकदा आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि मी जीपनं धारणीकडच्या एका पाड्यावर गेलो. रस्ता असा की पोचेपर्यंत आमची हाडं आपापल्या जागी राहिली नव्हती. प्रार्थनेला दहा-बारा माणसं जमली. पाळकसाहेबांनी भुकेल्याला जेवू घालण्याविषयीचा उतारा वाचला. पुढे त्यांच्या संदेशाचे तीन मुद्दे होते, मला माहीत होतं, कारण येताना जीपमध्ये त्यांनी तिन्ही मला ऐकवले होते.

उतारा संपला आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून चालती झाली. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. तरी त्यांनी पहिला मुद्दा नेटानं पूर्ण केला. तेवढ्यात म्हातारी पदराला हात पुसत परत आली आणि होती तिथे बसली.

"कुठे गेला होता आजी?" त्यांनी विचारलं.

म्हातारी म्हणाली, "बाजूवाली बाई दो दिवसापासून बिमार हाय, चूल नाई पेटली तिची. तिले खाऊ घालून आलो. आता पुढचं सांगा, काय करायचं?"

पाळकसाहेबांनी हातातल्या वहीकडे पाहिलं. दोन मुद्दे बाकी होते. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "झालं आजी. एवढंच होतं."

*

आता माझ्या घरातलं एक सांगतो. हे हसण्यासारखं नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ सॅम्युएल, आमचा सॅमू, रेल्वेत इलेक्ट्रिशियन. सहा वर्षांपूर्वी आई गेली. तिचं बायबल थोरला म्हणून माझ्याकडे आलं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या घराण्यातले सगळे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले आहेत. आधी आजोबांच्या हातचे, मग वडिलांच्या, मग आईच्या. मी ते मखमली कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

त्याच वर्षी सॅमूला मुलगी झाली, ग्रेस. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेलं लेकरू. सॅमू खिशाला नवा पेन लावून माझ्या घरी आला.

"दादा, आईचं बायबल काढ. पोरीचं नाव लिवतो."

मी म्हणालो, "तारीख सांग, मी लिवतो. तुह्य अक्षर घान हाय, पान खराब होईन."

"पोरगी माही हाय. नाव मीच लिवीन."

"मंग तुह्या घरच्या बायबलात लिव."

एवढंच. त्यानं काढलेला पेन पुन्हा खिशाला लावला आणि गेला. सहा वर्षं आम्ही एकाच चर्चमध्ये दोन बाक सोडून बसलो आणि एक शब्द बोललो नाही. ज्या पुस्तकात भावाभावांनी कसं राहावं ते लिहिलंय, त्याच पुस्तकापायी! ग्रेस आता पहिलीत जाते. सगळ्या घराण्याची नावं त्या पानावर होती, फक्त तिचं नव्हतं. आणि ते राहिलं माझ्या एका वाक्यामुळे, हे मला रोज कळत होतं.

*

आता या वर्षीचा किस्सा. खरं तर चूक माझी!

वचनं मी दरवर्षी अकोल्याच्या रफिकभाईंच्या प्रेसमधून छापून घेतो. काम चोख, गुंडाळ्यांना दोरासुद्धा तेच बांधून देतात. एरवी मी पेन ड्राइव्ह घेऊन जातो. या वेळी नव्या जमान्याप्रमाणे चालावं म्हणून एकेका वचनाचं पान व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि पहिल्याच पानाखाली लिहिलं, "एकूण दोनशे छापा." बांधलेलं पाकीट एकतीस तारखेला दुपारच्या गाडीनं आलं. मी उघडून पाहिलं नाही.

एक तारखेला परात फिरली. एरवी त्या दिवशी चर्चमध्ये बाजार भरल्यासारखा गलका असतो. "तुले काय आलं? पाहू पाहू!" या वर्षी मात्र गुंडाळ्या उघडल्या आणि सगळं चर्च चिडीचूप. ज्यानं त्यानं आपला कागद वाचला, मुठीत दाबला आणि खाली पाहिलं.

मी माझा उघडला. वेदीवर दान ठेवण्याआधी जाऊन भावाशी समेट करायला सांगणारं वचन!

माझे कान तापले. मी मान वर केली तर दोन बाकांपलीकडे सॅमू माझ्याकडेच पाहत होता. दोघांनीही झटकन तोंडं फिरवली. घरी आलो, जेवलो, कपाटाजवळ दोनदा गेलो. किल्ली हातात घेतली आणि परत खुंटीला लावली. मोठा मी, मी कसा जाऊ? असं स्वतःला सांगून झोपलो.

*

पण त्या दुपारी बडनेऱ्यात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. विल्सनभाऊ आणि सुशीलाबाई यांचं कॉयरमध्ये सूर कोणी धरायचा यावरून दोन नाताळांपासून वाजलेलं. विल्सनभाऊ केक घेऊन सुशीलाबाईंच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. सुशीलाबाई डब्यात करंज्या घेऊन विल्सनभाऊंच्या घरी गेल्या, तर तिथेही कुलूप. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना फोन लावला. दोघांनाही फोन बिझी!

सुशीलाबाईंना वाटलं, भाऊंनी मुद्दाम कट केला. भाऊंना वाटलं, बाईंनी. शेवटी दोघं रेल्वेच्या पुलावर समोरासमोर आले. केक आणि करंज्यांची अदलाबदल पुलावरच झाली.

आणखी कोणी पाण्याच्या नळावरचं भांडण मिटवलं, कोणी सासूला घ्यायला चांदूर रेल्वेला गेलं. आणि गंमत म्हणजे कोणीच कोणाला कारण सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, देवानं फक्त आपल्यालाच पकडलं.

*

फुटलं ते रविवारी. एका बाईनं कौतुकानं आपला कागद दाखवला, दुसरी म्हणाली, "अवं, मलेबी हेच!" पाच मिनिटांत सगळे खिसे आणि पर्सा उघडल्या. चाळीस घरं, दीडशे माणसं, एकच वचन!

मी बाहेर जाऊन रफिकभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "बाबू, आपका एकच पन्ना आया. उसके नीचे लिखा था दोनशे छापा. बाकी के आयेच नहीं." नेट गेलं होतं, बाकीची पानं माझ्याच फोनमध्ये अडकली होती.

"अहो रफिकभाई, मग विचारायचं तरी!"

"मैं समझा इस साल ऊपरवालेने सबको एकच काम दिया है."

मी आत येऊन सगळ्या मंडळीसमोर चूक कबूल केली. आणि खरं सांगतो, आतून मला इतकं हलकं वाटलं! म्हणजे ते वचन माझ्यासाठी नव्हतंच. ते तर नेटवर्कमुळे आलं होतं. सुटलो!

पाळकसाहेब म्हणाले, "बाबू नवीन छापून आणतील. ज्यांना बदलून पाहिजे त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सुशीलाबाई तेवढ्या उभ्या राहिल्या.

"बाबू, चिठ्ठी चुकून आली असन. पन लिवलेलं त चुकीचं नाई ना?"

मी माझा कागद घडी करून खिशात ठेवला.

*

त्याच दुपारी मी कपाट उघडलं. मखमली पुडकं छातीशी धरून नव्या वस्तीत सॅमूच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोनं, रूथनं उघडलं. तिनं पुडकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. सॅमू पंखा खोलून बसला होता. मी ते पुस्तक त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, पहिलं पान उघडलं आणि माझा पेन त्याच्यापुढे धरला.

"लिव," मी म्हणालो. "मी चुकलो सॅमू."

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "एक तारखेले मी तुह्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलतो, दादा. मंग वापस गेलो."

त्यानं हात पुसले आणि लिहिलं. ग्रेस सॅम्युएल, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख. अक्षर खरंच घाण होतं. ओळ वर चढत गेली आणि शेवटचा आकडा आजोबांच्या लग्नाला जाऊन टेकला. मला रडू आवरेना. इतकं देखणं पान मी आयुष्यात पाहिलं नाही.

शाई वाळली. सॅमूनं पुस्तक कापडात गुंडाळून माझ्याकडे सरकवलं.

"आता घेऊन जाय. मोठा तू हायस."

"नाई. तू ठेव. सहा वर्षं ठेवलं मी."

"मी सांगून राहिलो ना, तुह्याकडंच राहू दे."

"आन मी सांगून राहिलो, तुह्याकडं!"

पुस्तक टेबलावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. आवाज चढले. शेजारची माणसं दारात आली. तेवढ्यात पाळकसाहेब रस्त्यानं जात होते, ते चप्पल न काढता धावत आत आले. "अरे, पुन्हा सुरू झालं काय तुमचं?"

"बसा पाळकसाहेब," रूथ म्हणाली. "या खेपी दोघंही 'तू घे' म्हनून भांडून राहिले."

मग तिनं आमच्या दोघांच्या मधून ते पुडकं उचललं, कापड सोडून बाजूला टाकलं आणि खुर्ची ओढून बसली.

"भाऊजी, तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "तोपर्यंत मी वाचतो."