सहावीच्या वर्गात अडलेलं महाभारत

रहांगडाले बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षक म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. माझ्या गावाहून, कुडव्याहून, बसगाड्या बदलत पोहोचलो, तर सहावीच्या वर्गातून "नाई, नाई जायचं" असा मुलांचा गलका ऐकू आला. मी घाबरून दारात गेलो. मुलांच्या मधोमध सतरंजीवर बसलेल्या एक बाई मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं आलात, सर. तुम्हीच सांगा, धर्मराजानं द्यूताचं निमंत्रण घ्यावं की परत पाठवावं?"

मी रुजू व्हायला आलोय, एवढंच मला बोलता आलं. मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या खरोखर उत्तराची वाट पाहत होत्या.

बाईंच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात त्यांच्या कथाकथनाविषयी लिहावं, असं संपादकांनी सुचवलं. मी होकार दिला खरा. पण त्या वर्गात नेमकं काय घडायचं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दिसायचं ते असं : शनिवारी शेवटच्या तासाला बाई महाभारत सांगत आणि ऐन मोक्याला थांबत. आता पुढे काय, हे मुलांनी ठरवायचं. मुलं म्हणतील त्या वाटेनं बाई कथा नेत आणि ती कुठे जाते ते मुलांसोबतच पाहत. कुणी राजा व्हायचं, कुणी दूत. पुस्तकातली ओळ वाचताना अडखळणारी पोरं इथे राजाला बिनधास्त दटावत. घंटा झाली तरी कुणी उठत नसे.

मी बौद्ध घरातला. आमच्याकडे या कथा सांगितल्या जात नसत आणि सरकारी शाळेत त्या कशाला, असं मला वाटे. बाईंना मी तसं बोललो. त्यांनी वाद घातला नाही. हेच मुलांसमोर बोला म्हणाल्या आणि पुढच्या शनिवारी मला सतरंजीवर बसवलं. मी बोललो. निम्मी मुलं माझ्या बाजूनं भांडली, निम्मी विरुद्ध. आपण आपलं म्हणणं मांडलं की बाईंच्याच खेळात सामील झालो, हे मला बाहेर पडताना कळेना. मात्र त्यानंतर मी शनिवार चुकवला नाही.

तर त्या वर्षी मुलांनी धर्मराजाला द्यूताला जाऊच दिलं नाही. दूत आला की परत पाठवायचे. शनिवारमागून शनिवार गेले, कथा तिथेच अडली. न खेळता पुढे काय होतं ते आपल्यालाही ठाऊक नाही, असं बाईंनी मुलांना सरळ सांगून टाकलं. शेवटी वनिता उठली. हे तिचं खरं नाव नाही. एरवी गप्प बसणारी मुलगी. ती म्हणाली, "तो जाईनच, बाई. माहा बाबा बी पत्त्याले जाते. माय नाई म्हणते तरी जाते."

बाईंनी फक्त मान हलवली आणि तास संपवला.

पुढच्या शनिवारी वनिताचे वडील धानाच्या बांधीतून थेट शाळेत आले. पायाला चिखल तसाच. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "माह्या घरची गोष्ट शाळेत काऊन सांगून राहिल्या?"

"तुमचं नाव इथे कुणी घेत नाही, भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "राजाची गोष्ट आहे. मुलांना ती सुटत नाही. तुम्ही मदत करा."

वनिता मान खाली घालून बसली होती. मुलांना बाहेर न्यावं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं अगदी सरळ मनानं त्यांना विचारलं, "काका, राजा काऊन खेळला असंन?"

त्यांनी पायाचा चिखल उंबऱ्यावर खरवडला. मग म्हणाले, "एक डाव हारला का वाटते, आता जितीन. उठाचं मनच होत नाई."

त्याला उठवायचं कुणी, हेही मुलांनी विचारलं. ते वनिताकडे पाहत राहिले आणि माहीत नाही म्हणाले. मग तिथेच उंबऱ्यावर बसले. त्या दिवशी बाईंनी द्यूत शेवटपर्यंत सांगितलं. एकाही मुलानं मध्ये अडवलं नाही.

वनिताच्या वडिलांचा पत्त्यांचा नाद सुटला का? गावात कधी सुटला म्हणत, कधी नाही. काही शनिवारी मात्र ते उंबऱ्यावर दिसत. लेकीसमोर बापाला असं विचारू देणं बरोबर होतं का, असं मी बाईंना एकदा विचारलं.

"मलाही ते कळलेलं नाही, सर," बाई म्हणाल्या. "मी वनितालाच विचारलं. ती म्हणाली, बाबा पैल्यांदा खरं बोलला."

वयानं मोठ्या, नावाजलेल्या शिक्षिकेनं नवख्या सहकाऱ्यापुढे "कळलेलं नाही" म्हणावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. बाईंचा मोठेपणा मला असा आडवाटेनंच दिसत गेला. मी गावात एकटा तापानं पडलो होतो, तेव्हा त्या लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात घेऊन आल्या. मी आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, आधी जेवा, मुलांनी तुमच्यासाठी प्रश्न पाठवलेत.

बाई आता निवृत्त आहेत. घराच्या ओसरीवर पोरं जमतात आणि कथा अजूनही भलतीकडेच जाते, असं ऐकतो. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थही आहे. त्यांना विचारायचं बरंच राहिलं आहे आणि एक विचारायला गेलो की मी दोन नवे प्रश्न घेऊन परततो.