दिव्याखालचा पराग

केदारखेड्याला माझ्या शेतावर येणाऱ्या कृषी सहाय्यकाने मला फसवलं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत तो तुरीचा पराग अतिनील दिव्याखाली धरायचा, मग माझ्याच फुलांतले पुंकेसर खुडून त्यांना लावायचा. छत्री फुलांवर, स्वतः बोडक्याने उन्हात. प्रत्येक फुलाला हळूच "बराबर" म्हणायचा.

या प्रयोगाला दहा झाडं देताना मी म्हणालो, "शेंगा सगळ्या माझ्या." तो लगेच "बराबर" म्हणाला, तरी मी तासभर घासाघीस केली.

शेंगा सगळ्या पोचट निघाल्या. दिव्याने पराग मेला होता.

"तुला माहीत व्हतं?"

"दादा, किती मरतो तेच पाहून राह्यलो व्हतो. तुमी बोलूच दिलं न्हाई."

तासाभरात एवढं एक वाक्य मध्ये घुसवता आलं नाही? याचा जाब त्याने द्यावा.