अख्ख्या कळपाला एक पुडी

"ऊन? मला उन्हाचं कमी पडलं?" हरणाबाई डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघून हसायलाच लागली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "आजी, हे डी व्हिटॅमिन. ते उन्हातनंच मिळतं. तुमचं फारच खाली गेलंय. हाडं ठिसूळ झालीत, म्हणून कंबर धरतीय."

"आवं बाई, मी जल्मले ती उन्हात. लगीन उन्हात, बाळंतपण उन्हात. माजा रविराज मेढ्याच्या माळावर झाला, वर आभाळ आन् खाली घोंगडं. ऊन खाऊनखाऊन कातडं करपलं माजं. आन् तुमी म्हंताय कमी पडलं!"

"सध्या कुठं असता?"

सून मंगल शेजारी उभी होती, तिनं सांगितलं, "दोन वर्षं झाली मॅडम, आमच्यातच असतात. मी मेडिकलात कामाला लागले, मुलीची, सृष्टीची दहावी होती, घरात कुणीतरी पाहिजे म्हणून आत्तींना आणलं."

विश्रामबागेतली ती भाड्याची खोली पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. गच्चीला मालकाचं कुलूप. हरणाबाई सकाळी उठायची ती ट्यूबलाइट लावूनच.

त्याआधीचं तिचं सगळं आयुष्य चालण्यात गेलं होतं. माहेर आणि सासर दोन्ही आटपाडीकडच्या माळावर, पण घर म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. दसरा झाला की नवरा ज्योतिबा आणि दीर अर्जुना मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे, कोयनेच्या खोऱ्यापर्यंत. त्यांच्यामागं घोड्यावर सगळा संसार. ह्या चालत्या बिऱ्हाडालाच धनगर वाडा म्हणतात. घोड्याचा दोर हरणाबाईच्या हातात. मुक्कामाला पोचलं की मेंढरांभोवती जाळं लावायचं, तीन दगड मांडायचे, वाटेत जन्मलेली कोकरं टोपलीतनं काढून आयांच्या अंगाखाली सोडायची. शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळायचं त्यांना, आणि ह्यांना धान्य. उजाडलं की पुन्हा पुढं. काठी तिच्या हातात असायची ती मेंढरं वळवायला. टेकायला तिनं कधी धरली नव्हती.

आता धरली होती. आणि ह्याच वर्षी ज्योतिबाचा फोन आला होता.

"अर्जुना चालला पुण्याला. वाचमनकी करायला. बायकू बी चालली संगं. दोन वर्सं तीच घोडं धरत हुती."

"आन् मेंढरं?"

"त्याची त्यानं इकली. माजी हाईत. पर एकट्यानं वाडा चालत न्हाई हरणे. मी मेंढरामागं गेल्यावर घोडं कोन धरंल, कोकरं कोन बघंल? तू दसऱ्याला येतीस का न्हाईस, त्येवडं सांग. येत असलीस तर निगतो. न्हाईतर आटपाडीच्या बाजारात उबी करतो समदी."

"इकायचं नाव काढू नगासा! येती मी."

म्हणून ती दवाखान्यात आली होती. स्वतःहून. डॉक्टरीणबाईंना तिनं एकच विचारलं, "दसऱ्याला चालंन का न्हाई?"

"आठवड्याला एक पुडी देते. दुधातून घ्यायची, चुकवायची नाही. दसऱ्याआधी परत रक्त बघू, फोटो काढू. मग सांगते."

पुड्या मंगलच्याच दुकानातनं आल्या. त्या दुकानाच्या गोष्टी मंगल रोज संध्याकाळी घरी घेऊन यायची. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसायची आणि सुरू व्हायची.

"आज पोलीसभरतीच्या अकॅडमीतला एक पोरगा. म्हणतो, ताई, ग्राउंडला दम पुरत नाही, प्रोटीनचा डबा द्या. म्हटलं, जेवतोस काय? तर म्हणे, मेसचा डाळभात. म्हटलं, अरे मग अंडी खा की आधी! तर म्हणतो, अंड्यानं फोटोत बॉडी दिसत नाही."

"मेलं गाढव," हरणाबाई म्हणायची.

"आणि त्या सुहासिनी बाई, शाळेत होत्या बघा. त्यांची सकाळ गोळ्यांनीच उजाडते. हाडाला एक, रक्ताला एक, केसाला एक, डोळ्याला एक. करोनात झिंकची सुरू केली ती अजून चालूच. म्हटलं, बाई, आता कशाला? तर म्हणतात, अगं, बंद केली आणि काही झालं म्हणजे?"

"भ्या वाटतं म्हातारीला."

"कवठ्याकडचे एक पावणे येतात, त्यांना ते लाल इंजेक्शनच लागतं. ताकदीचं. टोचून घेतलं की दवाखान्याच्या पायरीवरच बरं वाटतं त्यांना."

"म्हंजी समदा गावच मरगळलाय म्हन की."

"आत्ती, गाव नव्हं, शहर आहे हे."

"मग तर लयच."

मंगल पोटऱ्या दाबत हसायची. दिवसभर उभं राहून तिच्या पायात गोळे यायचे. रविराज कुपवाडच्या कारखान्यातनं रात्रपाळी करून यायचा तेव्हा त्याचे डोळे आत गेलेले असायचे, चहाचा कप हातात धरूनच डुलकी लागायची. आणि सृष्टी केस विंचरून उठली की फणीत हा एवढा गुंता.

हरणाबाईची नजर ही अशी. कळप चरताना मेंढका काय बघतो? कोण मागं रेंगाळतंय, कुणाचं रवंथ बंद पडलंय, कुणाची लोकर हाताला येतीय. मेंढरांचं सुटलं होतं, बघणं सुटलं नव्हतं. आणि बघून तिनं ठरवलं, की हे दुखणं तिचं एकटीचं नाही.

धनगर मेंढराला औषध पाजतो तेव्हा एकाला कधीच पाजत नाही. मान टाकतं एकच, पण रोग कळपात असतो. जे पडलं ते फक्त आधी पडलं. म्हणून औषध काढलं की पार कालच्या कोकरापर्यंत सगळ्यांच्या तोंडात ओतायचं, त्याच दिवशी. एकट्याला पाजून कळपात सोडलं तर ते पुन्हा पडतं. हे हरणाबाईला कुणी शिकवलं नव्हतं. तीन दगडांवर भाकरी करायला तरी कुणी शिकवलं होतं?

पहिल्या रविवारी तिनं पुडी फोडली आणि सगळीच्या सगळी चहासाठी तापत ठेवलेल्या दुधाच्या भगुन्यात ओतली. पळीनं ढवळलं. सगळ्यांना चहा दिला. आपला कप घेऊन शेवटी बसली.

"पुडी घेतली का आत्ती?" मंगलनं बाहेर पडताना विचारलं.

"घेतली की."

ती खोटं बोलत नव्हती. एकही रविवार चुकला नाही. गौरी-गणपतीच्या गडबडीतही नाही. रविराज एकदा बाहेरनंच चहा पिऊन आला तर तिनं त्याला दारात अडवलं.

"घरातला घे."

"आये, आत्ताच घेतलाय."

"अर्दा तरी घे. मुकाट."

चालायची तालीमही सुरू होती. जिना उतरायचा, कोपऱ्यावरच्या कॉलेजपर्यंत जायचं, परत यायचं. कॉलेजच्या पोरी बाजूनं भराभरा निघून जायच्या. "आजी, हळू," म्हणायच्या. जिना चढताना कठड्याला धरून ती मध्येच थांबायची, आणि वरनं कुणी उतरत असलं की पदर सारखा करत असल्याचं सोंग करायची. फोनवर ज्योतिबाला सांगायची, "लय फरक हाय. घोडं तयार ठेवा. नाल ठोकून घ्या त्येची."

"मारली."

"जाळं बगितलं का? मागल्या साली कुत्र्यानं फाडल्यालं."

"बसलोय तेच शिवत."

आणि दसऱ्याच्या तोंडावर दुसरा रिपोर्ट आला.

डॉक्टरीणबाईंनी एक्सरे उजेडासमोर धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. "आजी, पुड्या घेतल्या का सगळ्या?"

"एक बी चुकली न्हाई. इचारा हिला."

"मग व्हिटॅमिन वाढायला पाहिजे होतं. हे म्हणावं तसं वाढलेलंच नाही. दुधातूनच घेतली ना?"

"दुदातनंच. भगुन्यात."

"भगुन्यात?" मंगल म्हणाली.

"आगं, चहाच्या भगुन्यात. न्हाईतर समद्यास्नी कशी पुरायची?"

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मंगलला कळलं आणि तिनं तिथंच कपाळाला हात लावला. "आत्ती! ती तुमची एकटीची पुडी होती!"

"एकटीची?" हरणाबाईला खरंच नवल वाटलं. "तुज्या पायात गोळं येत न्हाईत? पोरीचं क्यास गळत न्हाईत? माजा ल्योक बसल्या जागी झोपतोय. मग एकटीनं पिऊन काय हुतंय बाई? मला उबं करायचं आन् कळप ठेवायचा तसाच?"

दाराबाहेर कंपाउंडर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होता.

"आजी," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, आवाज खाली आणून, "हा फोटो बघा. हा पाठीचा मणका. दबलाय. आता ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, लांब चालायचं नाही."

"दसऱ्यापत्तूर?"

"दसरा नाही. निदान वर्षभर तरी. आणि नंतरही मी शब्द देत नाही."

"पुडी समदी एकटीनं पिली असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची घडी घातली. "सांगता येत नाही, आजी."

घरी आल्यावर मंगल बोलली, रडत, "मी रोज लोकांना सांगते, ही जेवणाआधी, ही जेवणानंतर. आणि माझ्याच घरात! मी समोर उभं राहून पाजायला पाहिजे होती तुम्हाला."

"तू कशाला रडतीस? तुज्या पायाचं गोळं तरी कमी झालं का?"

मंगलनं डोळे पुसले. "नाही, आत्ती."

तेव्हा मात्र हरणाबाई भिंतीकडं तोंड करून निजली.

ज्योतिबा दुसऱ्याच दिवशी आला. फेटा, धोतर, खांद्यावर घोंगडं, आणि अंगाला मेंढरांचा वास. आख्खी खोली त्या वासानं भरली. हरणाबाई उठून बसली. मंगलनं पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पुडी, भगुनं, मणका. सांगताना तिचा आवाज पुन्हा चढला. "मामा, तुम्हीच सांगा आता ह्यांना!"

ज्योतिबानं फुलपात्र खाली ठेवलं. "काय सांगू?"

"एकट्यानं घ्यायचं औषध असतंय ते!"

"आमाला कुटं ठावं पोरी? म्या बी भगुन्यातच वतली असती," तो म्हणाला. मग बायकोकडं वळला. "उबी ऱ्हा बगू."

ती उभी राहिली. दोन पावलं चालली. तिसऱ्याला हात आपोआप कंबरेवर गेला. तिनं तो झटकन काढला, पण त्यानं बघितलं होतं. जन्मभर मेंढरं बघितलेला माणूस, त्याला एक्सरे लागत नव्हता.

"बस," तो म्हणाला.

"आवं, घोडं धरायला काय लागतंय? घोड्यावर बशीन."

"आन् संसार कशावर लादू? तुज्या डोस्क्यावर?"

"मग हितल्याच रानात बसवा की मेंढरं. लांब नगा जाऊ."

"ऊस झालाय समदा. कोन बसवून घेतंय?"

"रविराजला—"

"त्येला आनू का मेंढरामागं? बसल्या जागी झोपणाऱ्याला?"

तो जेवला. सृष्टीच्या डोक्यावरनं हात फिरवला. निघताना दारात नुसता उभा राहिला आणि जिना उतरून गेला. आटपाडीचा बाजार शनिवारी असतो. शनिवारला फार दिवस राहिले नव्हते.

शनिवारी दुपारी फोन आला तेव्हा सृष्टीनं तो स्पीकरवर टाकून आजीच्या मांडीवर ठेवला. मागं बाजाराचा कालवा, टेम्पोची घरघर, आणि त्या सगळ्यावर मेंढरांचं ओरडणं.

"चढवाय लागलेत गाडीत," ज्योतिबा म्हणाला. "एक बी चढंना. म्होरली मेंढी आडून बसलीय."

"ती तशीच. तिला वडू नगा. कोकरू आदी चढवा, मागनं जाती ती."

फोनवर थोडा वेळ नुसताच गलका. कुणीतरी शिवी हासडली. पाय आपटल्याचे, पत्रा वाजल्याचे आवाज. मग फळी वर ओढून कडी घातल्याचा खडखडाट.

"गेली का?"

"गेली. कोकराच्या मागनं."

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, तो लांब जात गेला, आणि मग फोनवर फक्त माणसांचा बाजार उरला. हरणाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"आवं."

"काय?"

"तुमी आता कुटं जानार?"

पलीकडं कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं.

"बगतो," ज्योतिबा म्हणाला. "बसलोय हितंच."